भामाचे दोन तेलुगु शब्द

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, २० एप्रिल २०२५

भामे, जय भीम.

नाही गं बाई, रुसले नाही मी. आजारी पण नाही. जयंतीच्या दिवशी आमच्या आदर्शच्या व्हिडिओ कॉलवर तू सगळ्यांसमोर विचारलंस ना, "पारू, फोन का करीनास? रुसलीस का?" तेव्हा मी "रेंज नाही, रेंज नाही" म्हणत फोन सुनेच्या हातात दिला आणि भांडी घासायला पळाले. सून म्हणाली, आत्या, भांडी तर घासलेली आहेत. मी घासलेली परत घासली.

रेंज होती. तोंड नव्हतं.

आता हे पत्र बघून तू म्हणशील, पार्वतीबाई कुठल्या काळात राहायलीत. पण तुझ्या लेकाच्या घरी फोन म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. तुझ्या हातात येतच नाही, मधे टेबलावर ठेवतात, स्पीकर चालू करतात, आणि मिलिंद, मानसी, नात, तिघं भोवती बसतात. तिथं मी काय बोलणार? दुधी किती शिजवला एवढंच.

पत्राचं तसं नाही. तुझ्या घरात मराठी वाचणारी तू एकटी. मिलिंदला मराठी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, सुटीत मी त्याला बाराखडी शिकवायला बसवायची तर पोरगं संडासात जाऊन बसायचं. मानसी निजामाबादची, तेलुगु शाळेची, तिला मराठी तोंडानं येतं, डोळ्यानं नाही. आणि तू चौथी पास असलीस तरी रोज वंदना वाचतेस, म्हणजे सातवी पास बाईचं अक्षर तुला लागायला हरकत नाही. कुणी विचारलंच काय लिहिलंय म्हणून, तर सांग, पारूनं कारळाची चटणी लिहून पाठवली. खोटं सांग. माझ्याइतकं छान नाही जमणार तुला, पण सांग.

हे पत्र एकटी असताना वाच. बसून वाच.

आधी गल्लीतलं सांगते. जयंती बरी झाली. मांडव यंदा कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत होता. तुझ्या जागी गाणं म्हणायला त्या बँकेतल्या साहेबांची बायको उभी राहिली. मोबाईलमधे बघून म्हणत होती, मधेच मोबाईल झोपला तर बाईही थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तुझी सगळी गाणी पाठ आहेत, पण माझा आवाज तुला माहीत आहे, तुझे टपालातले नामदेवराव म्हणायचे की पार्वतीबाई गायला लागल्या की टपालपेटी आपोआप बंद होते. मग आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या. तू फोनवर म्हणालीस, पुढच्या जयंतीला मी येते, दोन गाणी म्हणते. सगळ्यांनी हो हो केलं. मिलिंदनं तोंड फिरवलं, तू बघितलं नाहीस. मी बघितलं. आणि तू हात हलवलास तेव्हा तुझ्या हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरल्या त्या थेट कोपरापर्यंत गेल्या. त्या बांगड्या आपण मिळून भरल्या होत्या गं, आदर्शच्या लग्नात. साबण लावून लावून चढवल्या होत्या, तू बोंबलत होतीस.

बरं. दवाखान्याचं सांगते. आपला मंगळवार मी सोडला नाही. सकाळी सातला निघते, बीपीची गोळी आणायची असते. पण एकटीला लाईनीत मजा नाही. म्हाताऱ्यांच्या खिडकीसमोर आता वीस-पंचवीस जण असतात, आणि सगळे आपल्या पुण्याईनं तिथं उभे आहेत हे एकालाही माहीत नाही. तुला आठवतंय का गं? तो बोर्ड पाण्याच्या ड्रमामागं लपवून ठेवला होता, आणि तो मिशीवाला शिपाई म्हणाला, "अम्मा, ये खिडकी बंद हय, जनरल में जाको ठैरो." मी म्हटलं, "बोर्ड हय तो खिडकी भी हय. तुमारे अम्मा कू भी ऐसाच ठैराते क्या?" तो म्हणाला, "सबकू जल्दी हय अम्मा, तुम अकेले बुढ्ढे नक्को समजो." मग मी तुला चिमटा काढला. आणि तू! मी सांगितलं होतं थोडी चक्कर आल्यासारखं कर, तू अख्खी आडवीच झालीस, पदर बिदर पसरून. माझंच काळीज थांबलं. तो शिपाई पाणी घेऊन धावला आणि तू एक डोळा उघडून मला विचारतेस, "खिडकी उघडली का?"

खिडकी उघडली. आजपर्यंत उघडी आहे. त्या दिवसापासून आपलं नाव पडलं, "दो अम्मा". मी बोलायची, तू पडायची.

बोलायची मीच. कारण तुला कुठं तेलुगु येतं. तीस वर्षं हैदराबादेत काढलीस आणि तुझे शब्द दोन, "एंता" आणि "वद्दू". भाजीवालीला किती म्हणून विचारायचं आणि तिनं सांगितलं की नको म्हणायचं. कोठीच्या बाजारात उर्दू चालते, गल्लीत मराठी चालते, तुझं काही अडलं नाही. अडलं तर पारू आहेच. दवाखान्यात कुणी तेलुगुत बोललं की तू माझ्याकडे तोंड करून बसायचीस, जशी मी टीव्ही आहे. डॉक्टर तिकडे बोलतोय आणि तू माझ्या तोंडाकडे बघतेस. मी किती वेळा तुला चिडवलं, "मी उद्या सांगेन की डॉक्टर म्हणतो भामानं पारूचे पाय दाबावेत." तू म्हणायचीस, "सांग की. तू सांगितलंस म्हणजे डॉक्टरनंच सांगितलं."

तू असं म्हणायचीस.

मधे उठून चहा केला. आता परत बसले.

मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "पारू, अल्सर इतके दिवस राहतो का गं?" आणि मी म्हटलं, "तरण्यांचा जातो, म्हाताऱ्यांचा मुक्कामाला राहतो, जावयासारखा." तू हसलीस. मिलिंद-मानसी हसले नाहीत. फोनमधून सुद्धा कळतं कोण हसलं नाही ते. मग तू म्हणालीस की अल्सर बरा झाला की मुखेडला बहिणीकडे जाऊन येते, आता घाई नाही, दिवाळीनंतर जाते. आणि मी म्हटलं, "हो, जा की दिवाळीनंतर, मी पण येते."

त्या रात्री माझ्या घशाखाली भाकर उतरली नाही. दुसऱ्या दिवशी उतरली. माणूस वाईट असतं गं, दुसऱ्या दिवशी जेवतं.

मंगळवारचं सांगते, ज्याच्यासाठी हे पत्र.

परवाच्या मंगळवारी दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीजवळ खुर्च्या मांडल्या होत्या, आणि एक नर्सबाई म्हाताऱ्यांना गोळा करून बोलत होती. रेणुका नाव तिचं. देगलूरची आहे, आपल्याच भागातली. आधी तेलुगुत, मग उर्दूत, आणि मी मागं कुणाला तरी "सरक की जरा" म्हटलं ते ऐकून मराठीतही. म्हणाली, तुमचा रिपोर्ट तुमचा आहे, लेकाचा नाही, सुनेचा नाही. तुमच्या भाषेत समजावून मागा, नाही समजलं तर परत मागा, लाजू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असलं तर दाखवा, कुणी रागवायचं कारण नाही. ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी आम्ही येतो, दुखणं कमी करायचं औषध देतो, ते उपकार नाहीत. आणि म्हणाली, तुम्ही शुद्धीवर असताना तुमच्या शरीराला हो किंवा नाही म्हणायचं ते फक्त तुम्ही. दुसऱ्या कुणीही तुमच्या वतीनं मान हलवायची नाही.

माझी जीभ तुला माहीत आहे. मी उठून विचारलं, "आणि सुनेनं भाजीत मीठ कमी घातलं तर त्याची तक्रार कुठल्या खिडकीला?" सगळी म्हातारी माणसं हसली. रेणुका पण हसली. मला वाटलं, चला, सुटले.

सगळे उठले तशी ती माझ्याजवळ आली. "आजी, एक विचारू? तुमच्या जोडीला एक आजी असायच्या, भामाबाई. त्यांचं नाव आमच्या वहीत आहे. पुढे आल्याच नाहीत. त्यांना सगळं नीट समजलं होतं ना? मराठीत?"

मी म्हटलं, "हो. मीच सांगितलं."

तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "बरं झालं आजी, तुम्ही होतात. नाहीतर भाषा न येणाऱ्या माणसाचं इथं फार वाईट होतं."

भामे, मला कुणी इतक्या वाईट शिव्या कधी दिल्या नाहीत.

गोळ्या न घेताच निघाले. चालत चालत कोठीपर्यंत आले, आपल्या मिरची-भजीच्या गाड्यापाशी. तो चाचा म्हणाला, "अकेले? दूसरी अम्मा किधर गये?" मी म्हटलं, बेटे के घर. त्यानं विचारलं, "तबियत?" मी म्हटलं, अच्छी. आणि तिथंच उन्हात उभी राहून रडले, म्हातारीनं रडू नये तशी, नाक गळत. त्यानं भज्याचा कागद दिला पुसायला. तेलकट होता.

तू विचारशील रडायला काय झालं. लिहिते. तीन वेळा पेन ठेवलं, आता ठेवत नाही.

भामे, तुला अल्सर नाही. कधीच नव्हता. फेब्रुवारीत ती नळी घालून तुकडा काढला होता ना पोटातला, त्याचा रिपोर्ट शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आला, मंगळवारी. तुझ्या पोटात गाठ आहे आणि ती वाईट गाठ आहे. कॅन्सर. ते नाव आता लिहून झालं.

पुढचं वाच. इथं थांबू नकोस.

मला हे त्याच दिवशी कळलं. तुझ्या आधी कळलं, आणि तुला अजून कळलं नव्हतं, आत्तापर्यंत. दोन महिने होत आले. त्या दोन महिन्यांत मी तुझ्याशी दुधी, दोडका आणि जावई यांच्यावर बोलले.

आमच्या ह्यांचं तुला माहीतच आहे. त्यांना डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, श्रीपतराव, लिव्हर गेलंय, फार दिवस नाहीत. साधा माणूस, हो म्हणाले, घरी आले, भिंतीकडे तोंड केलं ते परत फिरवलंच नाही. एकोणीस दिवस. माझ्याशी एक शब्द नाही. मी त्यांच्या पाठीशी बोलायची. तेव्हाच मी मनाशी घट्ट केलं होतं की माझ्या माणसाला असं कुणी कधी सांगायचं नाही. न सांगितलेलं माणूस निदान तोंड आपल्याकडे तरी ठेवतं.

हे कारण खरं आहे. पण अर्धंच आहे. अर्धं राहिलेलं खाली आहे.

आता कामाचं ऐक, मला हे नीट लिहिलंच पाहिजे. शुक्रवारी मी परत दवाखान्यात गेले, रेणुकाला गाठलं. म्हटलं, पोरी, भामाला मराठीत सांगायचं राहून गेलंय. तिनं हातातली वही मिटली. ओरडेल वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग आजी, पहिल्यांदा तुम्हीच सांगा. माझ्यासारख्या परक्या बाईच्या तोंडून ऐकायला लावू नका त्यांना. नंतर घेऊन या, मी डॉक्टरबाईंच्या शेजारी बसते आणि एक एक शब्द मराठीत सांगते."

मी विचारलं, उशीर झालाय का? ती म्हणाली, परत तपासल्याशिवाय डॉक्टरबाई काही सांगणार नाहीत, आणि मी खोटी आशा देणार नाही, दोन महिने म्हणजे दोन महिने. पण दार बंद झालं असंही म्हणाली नाही.

येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या, २९ तारखेला, सकाळी दहा वाजता. वरच्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे, जिथं आपण त्या दिवशी बसलो होतो तिथंच. रेणुका वाट बघेल. मिलिंदला सांग, मला माझी फाईल घेऊन तिथं ने. का म्हणून विचारलं तर म्हण, माझी फाईल आहे म्हणून. तिथं खुर्चीत बसलीस की माझ्या तोंडाकडे बघू नकोस. मी असलेच तर दाराबाहेर असेन. डॉक्टरबाईच्या तोंडाकडे बघ आणि रेणुकाचं ऐक. ऑपरेशनचं विचारतील. हो म्हणावंसं वाटलं तर हो म्हण. नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हण, मग ती घरी येणारी माणसं आहेत, दुखू देणार नाहीत. आणि मुखेडला जायचं असलं तर दिवाळीपर्यंत थांबू नकोस, याच उन्हाळ्यात जा. बहिणीला फोन कर. हे ठरवायला तुला दिवस पाहिजेत म्हणून लिहायलीय. दिवस तुझे आहेत, मी ते ट्रंकेत घालून कुलूप लावून बसले होते.

यायला मलाच पाहिजे होतं, पत्र कशाला. मेट्रोनं कुकटपल्ली काही लांब नाही. पण तुझ्यासमोर बसले की तू हसशील, आणि तू हसलीस की मी चेष्टा करीन, आणि चेष्टा केली की झालं. कागदावर चेष्टा लवकर संपते. बघ, संपली.

मिलिंदवर रागवू नकोस. त्याच्यावर तर बिलकुल नको. तू त्याच्याकडे गेलीस, वांत्या वाढल्या, तेव्हा त्यानं ती फाईल उघडली. पोरगं इंग्रजी वाचतं. त्यानं वाचलं आणि मला फोन केला, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून. म्हणाला, "मावशी, मला आत्ता कळलं. आईनं कुणालाच सांगितलं नाही. पण फाईलीत डॉक्टरांनी लिहिलंय की पेशंटला सगळं समजावलं, पेशंट ऑपरेशनला तयार नाही. आईनं स्वतः नको म्हटलंय. आता मी कोण विषय काढणारा? तिनं ठरवलंय तर मी तिला छळणार नाही. पण मावशी, ती समोर बसून अल्सर अल्सर करते ना, मला बघवत नाही. आमच्यासाठी नाटक करते का हो ती?"

समजलं ना, भामे? तुझ्या घरातली सगळी माणसं पाय न वाजवता का चालतात, मानसी तुझ्या ताटात दोन वेळा का बघते, नात तुझ्याजवळ येऊन का झोपते. त्यांना वाटतं तुला सगळं माहीत आहे. त्यांना वाटतं तू ठरवलंस. ते तुझ्या शब्दाचा मान ठेवायलेत. आणि तुला तो शब्द माहीतच नाही.

त्या दिवशी मिलिंदला मी म्हटलं, "हो रे बाबा, तुझी आई तशीच आहे." आणि फोन ठेवला. त्याला पाच आठवडे झाले.

आता तू विचारशील, मी कधी नको म्हटलं? ऑपरेशन हा शब्द मी ऐकला पण नाही.

ऐक. तो मंगळवार तुला आठवेल. नवी डॉक्टरबाई होती, गुंटूरकडची, चष्मेवाली, हिंदी मोडकंतोडकं. टेबलावर तिच्या बाळाचा फोटो होता, तू त्याच्याकडेच बघत होतीस, गाल बघ गं पारू म्हणत होतीस. ती माझ्याशी तेलुगुत बोलली. तुम्ही कोण विचारलं, मी नेहमीसारखं म्हटलं बहीण. तिनं ते नाव घेतलं नाही, गड्डा, म्हणजे गाठ, म्हणाली, आणि एक इंग्रजी शब्द म्हणाली. मी डोळ्यांनी विचारलं, तेच का? तिनं मान हलवली. मग म्हणाली, हे सगळं त्यांना त्यांच्या भाषेत सांगा, त्यांना कळायलाच पाहिजे. सोमवारी भरती करू, आणखी तपासण्या, मग ऑपरेशन. वय बघता अवघड आहे, पण आत्ता केलं तर होण्यासारखं आहे. त्यांना विचारा, तयार आहेत का.

तू माझ्याकडे तोंड केलंस. टीव्हीकडे करतेस तसं. "काय म्हणते गं?"

मला आमचे हे दिसले, भिंतीकडे तोंड केलेले. ते खरं. आणि त्याच वेळी मला हेही दिसलं की सोमवारी तू भरती होशील, मग मिलिंद तुला घेऊन जाईल, मग ऑपरेशन, मग कुकटपल्ली, आणि पुढचा मंगळवार मी एकटी. सात वाजता एकटी, लाईनीत एकटी, भज्याच्या गाड्यावर एकटी. हे गेल्यापासून मला आठवड्यात एकच दिवस होता, भामे. तो मला जाऊ द्यायचा नव्हता. एवढ्यासाठी. हे ते राहिलेलं अर्धं.

मी तुला म्हटलं, "अल्सर म्हणते. तिखट कायमचं बंद करशील का म्हणून विचारायली. मिरची-भजी पण बंद."

तू हसलीस. दोन्ही हात हलवलेस. आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून, आपलं तेलुगु दाखवायला, मोठ्यानं म्हणालीस, "वद्दू अम्मा, वद्दू!"

तिनं परत विचारलं, नक्की? तू परत म्हणालीस, वद्दू. तिनं फाईल पुढे ओढली आणि त्यात लिहून घेतलं. मला दोन्ही भाषा येत होत्या. मी शेजारीच बसले होते. नंतर आपण कोठीला गेलो आणि तू तीन मिरच्या खाल्ल्यास, म्हणालीस, बघ कशी नाही म्हटलं मी त्या बाईला.

ते नको तू मिरचीला म्हणालीस. ऑपरेशनचं मी तुला विचारलंच नाही.

पार्वती